आतोबांची गाडी थांबू लागली तेव्हा

माझ्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या आतोबांइतका कायदा पाळणारा माणूस निजामाच्या राज्यात झाला नाही आणि ते राज्य गेल्यावरही झाला नाही, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगायला तयार आहे. कायदा पाळणारे तसे पुष्कळ असतात, पण ते पोलीस दिसला की पाळतात. आतोबा परसात एकटे असले तरी पाळत. मोटार तपासणीच्या दफ्तरात ते मुख्य तपासनीस होते. हैदराबाद शहरातल्या लॉऱ्या, बसगाड्या आणि टॅक्सी त्यांच्यापुढे परीक्षेला आलेल्या पोरांसारख्या थरथरत उभ्या राहत. दफ्तर सुटलं तरी आतोबांची तपासणी सुटत नसे. पायी चालतानासुद्धा उजवीकडे वळायचं झालं, की ते आधी उजवा हात आडवा काढून मागच्यांना इशारा देत. बेगम बाजारात असाच इशारा देताना त्यांचा हात एका व्यापाऱ्याच्या लाल मिरच्यांच्या ढिगात कोपरापर्यंत गेला. गिऱ्हाईक माल पारखून घेतंय असं समजून त्यानं लगेच तागडी उचलली. आपण नुसते वळत होतो हे सांगणं आतोबांना जमलं नाही, आणि पुढं कित्येक महिने आत्याच्या घरी आमटी जेवणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागत असे. बारशाला गेले की ते बाळाच्या आधी पाळणा बघत. माझ्या मुलाला पांगुळगाडा आणला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून सगळीकडून न्याहाळला आणि गंभीरपणे विचारलं, "मास्तर, याला ब्रेक कुठंय?" मी नारायणगुड्याच्या मराठी शाळेत शिकवत होतो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. गाड्याला मागून दोरी बांधेपर्यंत त्यांनी पोराला ओसरीवरून हलू दिलं नाही.

आता अशा माणसाकडे कुठली गाडी असावी? तर शर्यतीची. जहागिरी खालसा झाल्या, तेव्हा जहागीरदारांच्या देवड्यांमधून, म्हणजे वाड्यांमधून, काय काय बाहेर पडलं. कुणी झुंबरं घेतली, कुणी गालिचे घेतले. आतोबांनी एक विलायती टू-सीटर घेतली. रंग हिरवा, नाक लांबलचक, बूड चिमुकलं, आणि टप असून नसल्यासारखा. दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची ती गाडी म्हणे कुठल्याशा धाकट्या नवाबजाद्यानं हौसेनं मागवली होती आणि एकदाच चालवून तिची भीती घेतली होती. इंजिन उत्तम होतं. ब्रेक मात्र तारांचे होते. पेडल दाबलं की तारा ताणल्या जात, तारांमुळं दांड्या हलत, दांड्यांमुळं चाकांतले पट्टे ड्रमला टेकत. पण इतक्या जणांच्या हातून जाता जाता मूळ हुकमातला जोर निघून गेलेला असे. नारायणगुड्यात पेडल दाबावं, तर पुढच्या कोठी भागात पोचेपर्यंत गाडी विचार करी.

मग ही गाडी आतोबांच्या कायद्यात बसत कशी होती, असं कुणालाही वाटेल. मीही एकदा भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, कायद्यात वेगाची वरची मर्यादा दिलीय. खालची कुठं दिलीय दाखव." म्हणजे जी गाडी वाऱ्यासारखी पळायला जन्माला आली होती, ती आतोबा इतकी हळू चालवत, की त्या वेगात कायद्यानं सांगितलेल्या अंतरात ती आपसूकच थांबावी. शाळेत जाणारी पोरं बोलत बोलत तिच्या पुढं निघून जात. एकदा तर एका म्हशीनं मागून येऊन तिला गाठलं आणि बराच वेळ तिच्या बरोबरीनं चालून, कंटाळून, पुढं गेली.

या मनात आलं तिथं न थांबणाऱ्या गाडीचा आतोबांना एक मोठा फायदा होता, आणि तो हैदराबादेत राहिल्याशिवाय कळायचा नाही. आमच्या शहरात ओळखीचा माणूस दिसला आणि त्याला चहाला थांबवला नाही, तर तो अपमान. आणि त्यानं थांबायला नकार दिला, तर तो त्याहून मोठा अपमान. त्यामुळं सकाळी कामाला निघालेला भला माणूस दुपारच्या सुमाराला, पोटात चहाचं तळं घेऊन, कसाबसा कामावर पोचे. आतोबा मात्र वेळेवर पोचत. त्यांना बघून कुणी हॉटेलातून हात केला, "अरे साब, जरा ठैरते क्या? चाय तो पीके जाव!" की आतोबा स्टिअरिंगवरून एक हात उचलून कपाळाला लावत आणि हसत हसत पुढं सरकत. गाडी थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून राग कुणालाच येत नसे. फारच जवळचा स्नेही असला तर तो गाडीच्या बाजूनं चालत चालत बायकामुलांची खुशाली विचारी, पानाचा विडा आत देई आणि पुढच्या वळणावर सलाम करून मागं फिरे. बघणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी पालखी चाललीय.

या गाडीत एक व्यक्ती कधीच बसली नव्हती, ती म्हणजे आत्या. माझे वडील पुढं हैदराबादेत आले, आत्या मात्र परभणीकडच्या आमच्या शेतकरी घरात वाढलेली. तिचं म्हणणं साधं होतं. "आमच्या आबांचे बैल नुसतं 'हो' म्हटलं की पाय रोवून उभे राहायचे. जी गाडी मी म्हणेन तिथं थांबत नाही, तिच्यात मी बसायची नाही." लग्नाला, सणाला दोघं घरातून एकाच वेळी निघत. आतोबा गाडीत आणि आत्या सायकलरिक्षात. वाटेत कुठंतरी रिक्षा गाडीला मागं टाकी, आणि आत्या डोक्यावरचा पदर सारखा करत, आतोबांकडे न बघता, पुढं निघून जाई. आतोबा पोचत तेव्हा तिचं हळदीकुंकू झालेलं असे. आम्ही हसायचो. आतोबाही हसायचे, पण त्यांच्या शेजारची जागा रिकामी असे आणि तिच्यावर ते दुसऱ्या कुणाला सहसा बसू देत नसत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग राज्याची वाटणी निघाली. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी मुलूख म्हैसुरात आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात जाणार असं ठरलं. दफ्तरांमधून माणसांची वाटणी सुरू झाली, आणि माणसांबरोबर टेबलं, टाइपरायटर आणि पंख्यांचीही. आतोबा सांगायचे, त्यांच्या दफ्तरातल्या एका लांब बाकावरून दोन राज्यांत असं भांडण जुंपलं, की शेवटी बाक कुणालाच न देता त्यावर शिपायाला बसवून ठेवलं. आतोबांची बदली औरंगाबादेला झाली. उभा जन्म हैदराबादेत गेलेला माणूस. औरंगाबाद त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून तेवढं पाहिलं होतं. पण सरकारी हुकूम म्हणजे कायदा, तेव्हा कुरकुरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी एवढंच जाहीर केलं, की आपण गाडीनं जाणार. "तिला मालगाडीत घालायला ती काय ज्वारीचं पोतं आहे? रस्त्यावर चालायचा परवाना आहे तिला."

"तुम्ही गाडीनं या," आत्या म्हणाली. "मी रेल्वेनं जाते. पोचून, घर लावून, दोन-चार सण करून तुमची वाट बघते."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आतोबा मात्र त्या दिवशी हसले नाहीत. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मास्तर, इथं माझा एकेक दगड ओळखीचा आहे. तिकडं तुझी आत्या एकटीच ओळखीची असणार. त्या गावात शिरताना तरी ती शेजारी हवी रे." एवढं बोलून ते एकदम उठले आणि जाता जाता माझ्या सायकलचा ब्रेक दाबून बघत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी गाडी कोठीमागं यादगिरी मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. लढाईनंतर लष्करानं विकून टाकलेल्या जीपगाड्यांचे सांगाडे त्याच्या अंगणात पडलेले असत. त्यातल्या एका जीपचे ब्रेक काढून या गाडीला बसवायचे असा बेत ठरला. जीपचे ब्रेक तेलाचे. पेडल दाबलं की नळीतलं तेल चारी चाकांना एकदम ढकलतं, मध्ये तारा नाहीत की दांड्या नाहीत. यादगिरीला वाटलं होतं, जुनं सगळं उपटून फेकायचं आणि नवं ठोकून द्यायचं. पण आतोबा नियमांचं पुस्तक काखेत मारून तिथं खुर्ची टाकून बसले. पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक यांचा एकमेकांशी काडीचा संबंध असता कामा नये, एक मेला तरी दुसरा जिवंत राहिला पाहिजे, असं कायदा सांगतो. तेव्हा हातब्रेकसाठी जुन्यातल्या दोन तारा राखून ठेवायच्या. नळ्या चाकाला घासता कामा नयेत. वळताना ताणल्या जाता कामा नयेत. आणि सगळं झाल्यावर दफ्तरात गाडी दाखवून हा फेरबदल मंजूर करून घ्यायचा, त्याआधी ती रस्त्यावर चालवायची नाही. यादगिरीनं पाना खाली ठेवला आणि हात जोडले. "अय्यो साब, इसको बिरेक लगाना है या कानून लगाना है, एक बात बोलो."

जीपचे ड्रम मोठे निघाले, ते लेथवर घासून बारीक करावे लागले. ते एकदाचे बसले आणि गॅरेजच्या अंगणातच आतोबांनी पहिली चाचणी घेतली. जीप दणकट आणि ही गाडी हलकी, तेव्हा ब्रेक तिच्या मानानं फारच ताकदीचे होते. शिवाय मागची चाकं पुढच्यांच्या आधी धरली गेली. गाडी गर्रकन फिरली आणि ज्या दारातून निघाली होती त्याच दाराकडे तोंड करून उभी राहिली. आतोबांची टोपी मात्र सरळ पुढं गेली आणि भिंतीपाशी बसलेल्या एका शेळीच्या पुढ्यात पडली. यादगिरी शांतपणे म्हणाला, "देखो साब, घरकू जाना बोलरी." मग मागच्या ब्रेकचा जोर कमी करण्यासाठी पुन्हा सगळं उघडलं गेलं. आतोबा टोपी झटकून परत खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला इतका आनंद पूर्वी कधी दिसला नव्हता. उलटी का होईना, गाडी थांबली होती.

शेवटचं काम उरलं होतं ते नळ्यांतली हवा काढण्याचं, आणि नेमका दसरा आला. यादगिरी गावी निघून गेला. तेलाच्या नळीत हवा राहिली तर पेडल नुसतंच खाली जातं, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू सैल करून हवा सोडायची, स्क्रू आवळायचा, की मग वरच्यानं पाय उचलायचा. आतोबांना थांबवत नव्हतं. त्यांनी गाडी ढकलत ढकलत घरच्या अंगणात आणवली आणि जॅकवर चढवली. ते स्वतः खाली शिरले. मी ब्रेकच्या टाकीवर तेलाची बाटली धरून होतो, ती सोडली तर टाकीतलं तेल संपून पुन्हा हवा शिरणार. तेव्हा पेडलसाठी उरली एकटी आत्या.

"हे बसणं धरायचं नाही," तिनं बजावलं. "जॅकवरच्या गाडीला मी गाडी मानत नाही." आणि नऊवारीचा ओचा सावरून ती स्टिअरिंगच्या मागं अशी बसली, की जणू जन्मभर तिथंच बसत आलीय.

"दाब," खालून आवाज आला. तिनं दाबलं. "सोड." तिनं सोडलं. आतोबांनी आत्याला हुकूम सोडण्याचा आणि तिनं तो पाळण्याचा तो प्रसंग आमच्या घराण्यात पहिलाच. थोडा वेळ हे असं सुरळीत चाललं. मग "दाब" म्हटल्यावरही पेडल हललं नाही.

"अगं, दाब ना!"

"आधी एक सांगा. दरसाल भाऊबीजेला मला इकडं माझ्या भावाकडं आणायचं. दाबू का?"

"आणीन. दाब!"

"असं घाईघाईत नको. मास्तर साक्षीला आहे."

"अगं आणीन, आणीन! तेल गळतंय इथं!"

तिनं दाबलं. पुढच्या वेळी तिनं तिकडच्या घरात तुळशीला अंगण मागितलं, त्याच्या पुढच्या वेळी पाहुण्यांसाठी वेगळी खोली. खाली उताणा पडलेला, तोंडावर ब्रेकचं तेल ठिबकणारा माणूस काय नाही म्हणणार? शेवटच्या चाकाशी मात्र आतोबा "दाब" म्हणालेच नाहीत. गाडीखालून, अगदी हळू, ते म्हणाले, "माझंही एक ऐक. तिकडं शिरताना तू शेजारी बसशील ना गं?"

आत्यानं पेडल इतक्या जोरात दाबलं, की तेलाची चिळकांडी आतोबांच्या कपाळावर उडाली. खालून ओरडा झाला. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "हो म्हटलं मी. ऐकू आलं नाही का?"

आता उरलं दफ्तर. स्वतःची गाडी स्वतः तपासणं नियमात बसत नव्हतं, तेव्हा ती तपासणार होते मोईनभाई. मोईनभाई म्हणजे आतोबांच्या हाताखाली तयार झालेला तपासनीस. वयानं लहान आणि आतोबांवर जीव टाकणारा. वाटणीत ते हैदराबादेतच राहणार होते. ती गाडी ढकलत नेऊन आम्ही दफ्तराच्या आवारात उभी केली आणि आतोबा टॅक्सीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मोईनभाई धावत बाहेर आले. "साब, आप लाइन में? अंदर बैठो. आपकी गाडी मैं क्या देखूँ?"

"बघितल्याशिवाय पास केलीस तर तुझी तक्रार करीन," आतोबा म्हणाले.

मोईनभाईंनी बघितली, आणि नापास केली. हातब्रेक लावूनही गाडी उतारावर बोटभर सरकते म्हणाले. आतोबा घरी आले ते जिलेबीचा पुडा घेऊन. "नापास केलं मला! काय नजर आहे पोराची! बोटभर सरकते हे मलासुद्धा कळलं नव्हतं." तारा ताणून गाडी पुन्हा नेली, तर मागच्या नंबरावर दिव्याचा उजेड नीट पडत नाही म्हणून परत पाठवली. पुन्हा जिलेबी आली. मग हॉर्नचा आवाज बसका निघाला. इकडं आतोबांच्या सामानाच्या पेट्या बांधून तयार होत्या, तिकडं हजर व्हायचा दिवस जवळ येत होता, आणि आत्याच्या घरातले सगळे जिलेबीला विटले होते.

त्यानंतरच्या खेपेला मीही बरोबर होतो. मोईनभाई गाडीभोवती फिरले, वाकले, उठले, पुन्हा फिरले. बराच वेळ काही सापडेना. अखेर कान टवकारून म्हणाले, "साब, इसकी आवाज उदास है."

आतोबांनी चष्मा काढला. "मोईन, ये कौनसे कायदे में लिखा है?"

मोईनभाई खाली बघत म्हणाले, "पास कर दिया तो आप चले जाते, साब."

आवारात टॅक्सीवाले ओरडत होते, कुणीतरी हॉर्न वाजवून दाखवत होतं. आतोबा चष्मा पुसत राहिले, पुसलेला पुन्हा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "दफ्तर में ऐसा नहीं बोलते, बेटा. चल, बैठ. बिरेक देख." दोघं गाडीत बसून उताराकडं गेले. परत यायला त्यांना फार वेळ लागला. आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते, आणि गाडी पास झाली होती.

निघायच्या दिवशी सकाळी आत्या खरोखरच आतोबांच्या शेजारी बसली. मांडीवर देवांची पेटी, पायाशी लोणच्याची बरणी. आम्ही टाळ्या वाजवल्या. आतोबांनी गाडी सुरू केली आणि मग एक गोष्ट झाली, जिचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. गाडी आता थांबत होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं नेहमीसारखा हात केला. आतोबांचा हात सवयीनं कपाळाकडं गेला, पण पाय खाली दबला आणि गाडी त्याच्या दारात उभी राहिली. तो बिचारा गडबडला. इतक्या वर्षांत त्याच्या हातचा चहा आतोबांनी घेतला नव्हता. त्यानं कप आणला, तो आतोबांच्या हातात दिला आणि एकदम रडायलाच लागला. पुढं शिंप्यानं हात केला. पुढं पानवाल्यानं. गाडी थांबत नाही म्हणून जे लोक वर्षानुवर्षं नुसते सलामावर समाधानी होते, ते सगळे आता रस्त्यात आले, आणि आतोबांना प्रत्येकाचा निरोप घ्यावा लागला. ऊन चढलं तरी गाडी नारायणगुड्यातच होती. पुढं पुढं आतोबा नुसते लोकांचे हात हातात घेत होते, आणि त्यांच्या वतीनं आत्याच बोलत होती.

आम्ही सगळे गाडीमागून चालत होतो, मोईनभाई सायकल हातात धरून. मोठ्या रस्त्याशी आल्यावर आतोबा म्हणाले, "आता परत जा सगळे." मी वाकून दोघांच्या पाया पडलो. गाडी निघाली आणि रिकाम्या रस्त्यावर हळूहळू लहान होत गेली. खूप पुढं गेल्यावर ती थांबली. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं, हात करणारं कुणी नव्हतं, दुकानही नव्हतं. मोईनभाईंना वाटलं काही बिघडलं. ते सायकलवर टांग टाकणार, तोच मी त्यांचा खांदा धरला. इंजिनचा आवाज येत होता. दोघांपैकी कुणीही मागं वळून बघितलं नाही. आत्यानं थांबवायला सांगितलं, की आतोबांचा पाय आपोआप पडला, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. मला त्या वेळी एवढंच वाटलं, की ते जुने तारांचे ब्रेक राहिले असते तर बरं झालं असतं. हसत हसत, कपाळाला हात लावून, आतोबा निघून गेले असते. गाडी बराच वेळ तशीच उभी होती. मग ती निघाली, आणि आम्ही घरी आलो.